किसन क्लॅरिनेटवाल्याचा कागद

वाजवण्याआधी बाबा क्लॅरिनेटची पातळ पत्ती जिभेवर धरून ओली करत, आणि तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर अशी निश्चल, अंतर्मुख शांतता उतरे, की हा माणूस चिखली-मेहकर रस्त्यावरच्या कुणाच्या तरी मांडवाबाहेर बँडपार्टीच्या लाल कोटात उभा आहे याचा विसर पडावा. वाटावे, एखाद्या खोल विहिरीच्या काठावर वाकून तो आतल्या पाण्याचा ठाव घेतो आहे. मग पहिली फुंक. फाल्गुनातल्या सकाळच्या उन्हासारखा तो स्वर आधी कोवळा असे, आणि बघता बघता चढत, पसरत, मांडवाच्या कापडावरून पलीकडच्या तुरीच्या खुंटांवर जाऊन पडे. नवरी घरातून निघून बोहल्याशी येईपर्यंत बाबा एकच स्वर एका दमात धरून ठेवत. बायका नवरी पाहत. मी बाबांच्या मानेवरची फुगलेली शीर पाहत असे.

आमचे वर्ष पंचांगाप्रमाणे चालत नसे. लग्नसराईत बाबा कादरचाचांच्या बँडपार्टीत. दिवाळीनंतर चिखलीच्या जिनिंगमध्ये, सरकी आणि रुईच्या धुळीत. आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या सोयाबीनमध्ये, मायच्या शेजारच्या तासावर, निंदायला. या तिन्हींच्या मधे जे दिवस उरत, त्या दिवसांना आमच्या घरी नावच नव्हते. त्या दिवसांत चूल एकदाच पेटे आणि माय आम्हाला लवकर झोपवी. माझी माय, पंचफुला, कापूस वेचायची. बोंडाच्या टोकांनी तिची बोटे अशी चिरत की रात्री डोक्यावरून हात फिरवला तर केस त्या भेगांत अडकत. जिनिंगमधून बाबा संध्याकाळी परतत ते भुवयांपासून पापण्यांपर्यंत पांढरे होऊन. लहानपणी मला वाटे, बाबा रोज दिवसभरात म्हातारे होतात आणि न्हाणीत जाऊन पुन्हा तरणे होऊन येतात. ती रुई पाण्याने धुऊन जात नव्हती, काही छातीत वस्तीला राहत होती, हे कळायला आम्हाला फार वर्षे लागली.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी मुद्दाम सरळ लिहिते. त्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि विनयाने झाकावे असेही नाही. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी अंगणात एकट्याने क्लॅरिनेट वाजवली. ना वरात, ना ढोल. पुढे बुलढाण्याच्या न्यायालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. माय वेचणीहून येणाऱ्या बायांना सांगे, "माही सुजाता कोर्टात हाये." जणू मी तिथे न्यायाधीशच होते.

याच अभिमानाने माझ्या मायचा घात केला, आणि तो माझ्या हाताने केला.

मायच्या अन्ननलिकेत गाठ होती. शेवटी शेवटी तिला पाणीही उतरत नव्हते. "मले घरीच राहू द्या," एवढेच ती म्हणे. पण एका सकाळी श्वास लागला, आणि आम्ही घाबरून तिला जिल्ह्यातल्या एका खाजगी रुग्णालयात नेले. त्याचे नाव मी लिहिणार नाही. तेवढीही प्रसिद्धी त्याला माझ्याकडून नको. डॉक्टरांनी एक इंग्रजी कागद पुढे केला. बारीक अक्षरे, खाली रेघ. बाबांनी माझ्याकडे पाहिले, भीमराव काकांनी माझ्याकडे पाहिले. काका, बाबांचे धाकटे भाऊ, म्हणाले, "सुजे, तूच पाह्य. तू शिकेल हायेस." आणि त्या क्षणी, सगळ्या घराचे डोळे माझ्या हातातल्या पेनावर असताना, मला हे विचारवेना की साहेब, यात काय लिहिले आहे. विचारले असते तर कळले असते की मला कळत नाही. मी न वाचता सही केली. लपेटदार, इंग्रजीतून, खाली डौलदार रेघ ओढून.

त्या सहीवर माझी माय एकोणीस दिवस यंत्रावर होती.

घशातली नळी तिने पहिल्याच दिवशी ओढू पाहिली, म्हणून पांढऱ्या पट्ट्यांनी तिचे दोन्ही हात खाटेच्या कडांना बांधले. भेटायला दिवसातून दोनदा सोडत. तिला बोलता येत नव्हते. ती डोळे आधी माझ्याकडे वळवी, मग मनगटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तेवढेच तिचे बोलणे. बाबांनी एकदा टोपी हातात घेऊन विनवले, "साहेब, तिचे हात तं सोडा." उत्तर आले, "सोडले तर नळी ओढतील. सही तुमच्याच मुलीची आहे." घरी नेतो म्हटले, तर डॉक्टर हसले. "असं लिहून द्या, की आम्ही मारायला नेतो. नाहीतर पेशंटचा स्वतःचा काही कागद आहे का? नाही ना? मग?"

विसाव्या दिवशी सकाळी माय गेली. आंघोळ घालताना बायकांनी तिची मनगटे पाहिली. बांगड्या असायच्या त्याच जागी दोन काळेनिळे वळ होते.

गावच्या बुद्धविहारातली वडीलधारी मंडळी मैत्रीभाव सांगतात. मी मान खाली घालून ऐकते आणि मनातून मान्य करत नाही. त्या दिवसापासून माझ्या आत एक दिवा लागला होता, त्याचा उजेड कमी आणि धग जास्त. त्या माणसाने 'कागद आहे का' म्हणून हसावे, आणि ते हसू हवेत विरून जावे, हे मला होऊ द्यायचे नव्हते. माझ्याकडे तलवार नव्हती, पैसा नव्हता, ओळख नव्हती. वाचता मात्र येत होते, आणि आता मी वाचणार होते.

दुपारच्या सुट्टीत, डब्यातली भाकरी एका हाताने मोडत, मी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल शब्दकोश घेऊन वाचले. सन्मानाने जगण्याच्या हक्कात सन्मानाने मरणेही येते, हे तिथे लिहिलेले होते. शुद्धीत असलेला माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की आजार बरा होणार नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर मला यंत्रावर ठेवू नका. दोन साक्षीदार हवेत, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी हवा. म्हणजे कागद होता. माय जिवंत असतानाही होता. फक्त तो आमच्या गावापर्यंत चालत आला नव्हता, आणि ज्याला ठाऊक असायला हवे होते तो हसला होता.

रविवारी घरी जाऊन मी हे बाबांना वाचून दाखवले. तोवर त्यांच्या छातीतल्या रुईने डोके वर काढले होते. फुप्फुसे आतून वाळत चालली आहेत, ती पुन्हा ओली होणार नाहीत, असे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले होते. नवरीला बोहल्यापर्यंत पोचवणारा तो एका दमाचा स्वर आता उंबऱ्यापासून चुलीपर्यंतही जात नसे. बाबांचा श्वास म्हणजे उन्हाळ्यात आक्रसत जाणारा डोह झाला होता. रोज काठावर चिखलाची एक नवी रेघ.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हंजे सुई टोचून मोकळं करा म्हटलं तं?"

"तो गुन्हा आहे, बाबा. तसं कुणालाच करता येत नाही."

"अन् यंत्र लावू नोका म्हटलं तं?"

"तो हक्क आहे."

अंगणातल्या निंबाची सावली बाबांच्या गुडघ्यावरून सरकून पायावर आली. "बरं हाये," ते म्हणाले. "मले कोणाच्या हातून मरायचं नाही. अन् मले कोणाच्या हातानं जगायचं बी नाही. लिही."

कायद्याच्या पानापानांतून ताणलेला तो सूक्ष्म भेद, मारणे आणि मरू देणे यांतला, ज्याच्यावर विद्वान माणसे अजून वाद घालतात, तो चौथी शिकलेल्या क्लॅरिनेटवाल्याने दोन वाक्यांत असा उभा केला. मी ते तसेच्या तसे लिहून घेतले.

नोटरी वकिलांना ती भाषा रुचली नाही. "ताई, हे प्रमाण मराठीत करून आणा. 'माह्या', 'तिले' असं कायदेशीर कागदावर बरं दिसत नाही." मी म्हटले, "कायदा म्हणतो माणसाची इच्छा स्पष्ट हवी. यातलं काय अस्पष्ट आहे ते सांगा." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि शिक्का उचलला. साक्षीदार दोन होते: आमच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि बँडमास्तर कादरचाचा. चाचांनी सही करता करता बाबांच्या पाठीत थाप मारली. "किसन्या, जिंदगीभर तुह्या मागं ढोल पिटला बे. आता तुह्या मौतचा गवाह बी मलेच केलं?"

"ताल सोडशीन नाही म्हणून केलं," बाबा म्हणाले, आणि दोघे म्हातारे खोकेपर्यंत हसले.

कागदाची एक प्रत ग्रामपंचायतीत जपून ठेवायला द्यायची होती. ग्रामसेवकांनी तो उलटा-सुलटा पाहिला. "शेत कोणाच्या नावे करून राह्यले?" शेत नाही म्हटल्यावर ते आणखी गोंधळले. अखेर 'मरण' हा शब्द दिसल्यावर त्यांना वाट सापडली. कपाटातून त्यांनी मृत्यूची नोंदवही काढली, नवे पान उघडले, आणि 'मयताचे नाव' या रकान्यात बाबांचे नाव लिहायला सुरुवात केली. बाबा समोरच उभे होते. "साहेब, जरा थांबा ना," ते अदबीने म्हणाले. "मी अजून उभा आहो." तो अर्धा खोडलेला 'कि' त्या वहीत अजून आहे.

घरी काका मात्र हसले नाहीत. "बापाले मारायचा कागद करून राह्यली तू. शिकून हेच केलं?" बाबांनी त्यांना जवळ बसवून समजावले, पण समजूत कागदावरून मनात उतरायला वेळ लागतो. भावाचे प्रेम कायद्याची कलमे वाचत नाही.

म्हणूनच त्या माघातल्या सकाळी बाबा अंगणात कोसळले, तेव्हा काकांनी कागद आठवला नाही. त्यांनी जीप थांबवली, भावाला मांडीवर घेतले, आणि जवळचे जे रुग्णालय ठाऊक होते तिथे नेले. तेच रुग्णालय. तेच डॉक्टर. मी बुलढाण्याहून दुपारच्या एसटीने पोचले तेव्हा बाबांच्या घशात नळी होती, आणि दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांनी खाटेला बांधलेले होते. बाबांचे डोळे मिटलेले होते. बोटे मात्र, बेशुद्धीतही, क्लॅरिनेटच्या कळांवर ठेवल्यासारखी किंचित वाकलेली होती.

काका भिंतीशी उकिडवे बसले होते. "मले नाही सुचलं वं," एवढेच म्हणाले. त्यांच्यावर मी रागावले नाही. माझा राग असा उधळून टाकण्याजोगा नव्हता. तो मी एका माणसासाठी जपून ठेवला होता.

मी डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवला. "आधी हात सोडा. मग हे वाचा."

त्यांनी मला ओळखले नाही. याचा मला आनंद झाला हे कबूल करते. कारण आता ओळख करून देण्याचे काम माझे होते. कागदावर नजर टाकून ते म्हणाले, "असले कागद इथे चालत नाहीत."

"मागच्या वेळी तुम्ही विचारलं होतं, पेशंटचा स्वतःचा कागद आहे का. माझ्या आईच्या वेळी. पंचफुला. कोपऱ्यातली खाट, एकोणीस दिवस." त्यांची नजर वर आली. "हा आहे. चालतो की नाही ते तुमच्या वकिलांना विचारा. मी थांबते."

मी परत बाबांच्या खाटेशी गेले. परिचारिकेला म्हटले, पट्टीच्या जागी मी बसते. त्यांचा हात नळीकडे गेला तर मी धरीन. ती तरुण होती, चिखलीकडचीच. तिने दाराकडे पाहिले, आणि मग एक गाठ सोडली. थोड्या वेळाने दुसरी. बाबांचा तो खरबरीत, उष्ण तळवा माझ्या हातात आला तेव्हा प्रथमच मला रडू आले, आणि ते मी गिळले, कारण अजून काम व्हायचे होते.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाचा सूर बदललेला होता. वकिलांनी सांगितले असावे. नियम सगळे माझ्या वहीत लिहिलेले होते: आधी रुग्णालयाचे वैद्यकीय मंडळ, मग जिल्ह्याकडून नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरे मंडळ, दोघांचे एकमत, आणि अंमल करण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना पत्र. ही वाट लांब आहे, आणि लांब असायला हवी. माणसाचे शेवटचे दार कुणालाही घाईने ढकलता येऊ नये. त्या दिवसांत यंत्र बाबांच्या छातीत ठरल्या लयीत वारा भरत होते. मी ज्या श्वासाचे चढउतार, थांबे, हरकती लहानपणापासून ओळखत होते, त्याच्या जागी हा परका, एकसुरी, कुणाचाच नसलेला श्वास ऐकताना मला बाबांच्या देहात कुणी भाडेकरू शिरल्यासारखे वाटे.

आणि तिथेच, तिसऱ्या दिवशी दुपारी, माझी मलाच भीती वाटली. हे मी कुणासाठी चालवले आहे? बाबांसाठी, की मायसाठी, की त्या माणसाची मान एकदा खाली गेलेली पाहण्यासाठी? सुडाच्या भरात मी माझ्याच बापाला मरणाकडे ढकलत तर नाही? कादरचाचा डबा घेऊन आले होते. त्यांना मी हे विचारले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "तुह्या दिलात काय हाये ते ठेव बाजूले, बेटी. कागदात त्यानं काय लिहेल हाये ते वाच. तू नसती तरी त्यानं तेच सांगितलं असतं का?"

"हाव."

"मंग खाय."

तेव्हा मला त्या कागदाचे खरे बळ कळले. तो बाबांचे रक्षण डॉक्टरांपासून करत होता, काकांच्या मायेपासून करत होता, आणि माझ्या द्वेषापासूनही करत होता. ज्या कागदाला मी शस्त्र समजत होते, तो प्रत्यक्षात बाबांचा आवाज होता. माझ्या मुठीत असूनही माझा नसलेला.

याचा अर्थ मी सूड सोडला असा मात्र नाही.

दुसरे मंडळ बसले, त्यात जिल्ह्याकडून आलेल्या एक प्रौढ, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी चाचण्यांचे कागद पाहिले, बाबांची छाती स्वतः तपासली, मला आणि काकांना चार प्रश्न विचारले, आणि उपचार करणाऱ्या त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "रुग्णाचं निवेदन वाचून दाखवा. सगळ्यांना ऐकू द्या."

ते वाचू लागले. शहरी, स्वच्छ उच्चारांची त्यांची जीभ आमच्या वऱ्हाडीवर ठेचकाळत होती. दगडगोट्यांच्या नदीपात्रातून बूट घालून चालणाऱ्या माणसासारखे ते शब्दाशब्दावर तोल सावरत होते. "मी किसन, धंदा क्लॅरिनेट वाजवणं, पूर्ण शुद्धीत सांगतो. माहा आजार बरा होणार नसन, तं मले यंत्रावर ठेवू नोका. मी जलमभर माह्या फुंकीवर पोट भरलं. माही फुंक सरली का सरली. मले कोणाच्या हातून मरायचं नाही. अन् मले कोणाच्या हातानं जगायचं बी नाही. मांगं माही बायको पंचफुला..."

इथे ते थांबले.

"पुढे वाचा, साहेब," मी म्हटले.

"...पंचफुला हिले दवाखान्यात हात बांधून ठेवलं होतं. ती डोळ्यानं म्हणे सोडा. मले कागद ठाऊक नव्हता म्हणून मी तिले सोडवू शकलो नाही. ते दुख मले हाये. माहे हात कोणी बांधू नोका."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. इतकी वर्षे ज्या चेहऱ्याला मी मनात उभे करून जाब विचारला होता, त्याच्याकडे. पश्चात्ताप दिसला असे मी लिहिणार नाही. ते खोटे होईल. एक थकलेला, टक्कल पडू लागलेला माणूस होता, आणि त्याचे दोन्ही कान लाल झाले होते. बस, तेवढेच. पण माझ्या मायचे नाव, माझ्या बापाच्या बोलीत, त्याच्या तोंडून, चारचौघांत निघाले होते. ते मी घेतले. परत केलेले नाही.

मंडळाचे एकमत झाले. शेवटचा कागद माझ्यापुढे आला. तोही इंग्रजीत. डॉक्टर पेन पुढे करत, काहीसे खवचटपणे, काहीसे स्वतःला सावरत म्हणाले, "तेव्हाही सही तुमचीच होती."

"हो," मी म्हटले. "न वाचता केली होती. तो गुन्हा माझा. आता बसा, आणि एकेक ओळ मला मराठीत सांगा."

त्यांनी सांगितली. प्रत्येक ओळीवर मी थांबले, प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला, जो मला ठाऊक होता त्याचाही. बाहेर रांग खोळंबली होती, कुणी म्हातारी दारातून डोकावून "किती उशीर वं माय?" म्हणाली, तेव्हा मात्र मला ओशाळल्यासारखे झाले. तिचा काही दोष नव्हता. उरलेल्या चार ओळी मी भरभर ऐकल्या, आणि सही केली. मराठीत. सुजाता किसन. खाली रेघ ओढली नाही.

न्यायालयाला द्यायचे पत्र घेऊन रुग्णालयाचा माणूस निघाला तेव्हा मीही त्याच्याबरोबर गेले. ज्या खिडकीच्या आतल्या बाजूला माझ्यासारख्या लिपिकाचे आयुष्य जाते, तिच्या बाहेरच्या बाजूला मी त्या दिवशी प्रथम उभी राहिले, आणि पत्रावर आवक शिक्का पडताना पाहिला.

बुधवारी सकाळी नळी काढली. गुदमरू नये म्हणून औषध दिलेले होते. डॉक्टरबाईंनी ते आधीच बजावले होते. खिडकीतून माघाचे तिरपे, मऊ ऊन बाबांच्या छातीवर पडले होते. यंत्र बंद झाल्यावर क्षणभर काहीच ऐकू आले नाही, आणि मग दुरून, अगदी दुरून आल्यासारखा, एक क्षीण श्वास आला. तो त्यांचा होता. मी ओळखला. कधी लांब, कधी तोकडा, मधे विसाव्याला थांबणारा, एखादा स्वर आठवून पाहावा तसा पुन्हा वळून येणारा. काका पायाशी बसून भावाचे तळवे चोळत होते. "दादा," ते म्हणत होते, "दादा, मी नाही आता धरत तुले. जाय." चाचा दाराशी उभे होते. बाबांचे दोन्ही हात चादरीवर उघडे पडले होते, आणि त्यांतला एक माझ्या ओंजळीत होता. सुमारे तीन तास तो श्वास चालला. थांबे लांबत गेले. शेवटच्या थांब्यानंतर आम्ही बराच वेळ वाट पाहिली.

त्या डॉक्टरांना मी क्षमा केलेली नाही. जमेल असे वाटत नाही, आणि प्रयत्नही करणार नाही. माझ्या मायच्या एकोणीस दिवसांची क्षमा करायचा अधिकार तिचा होता, तो मला वारशाने मिळालेला नाही. मात्र गावातल्या एकवीस जणांनी आता असे कागद केले आहेत. काकांनी पहिला केला. ग्रामसेवकांनी वेगळी वही घातली आहे.

गेलेल्या माणसाची आठवण काळाबरोबर फिकट होते असे म्हणतात. मला तसा अनुभव नाही. आठवण जिथल्या तिथे उभी असते, आपणच तिच्यापासून रोज एकेक दिवस लांब चालत जातो, आणि मागे वळले की तिचा चेहरा तेवढाच स्पष्ट, फक्त अंतर वाढलेले. मायच्या चेहऱ्याकडे वळून पाहायला मला अजून धीर होत नाही. बाबांच्या चेहऱ्याकडे मी पाहू शकते. त्यांनी जे मागितले ते त्यांना मिळाले.